हरिचंद्राची होडी

बदलापूर, २८ जून १९५३
जनूमावशीच्या हाती

उमाताई,

हे पत्र जनूमावशी थेट तुझ्या हातात देईल, म्हणून मोकळेपणानं लिहितो. चाळीसगावला टपालानं येणारं प्रत्येक पत्र तुझे सासरे आधी फोडतात, वाचतात आणि मग सुनेला देतात, हे तू लिहिलंस तेव्हा नाना म्हणाले, "कोर्टात नाझर होते ना विष्णुपंत, पेन्शनीत गेले तरी सवय जात नाही." माईनं भाकरी जरा जोरात थापली.

बातमी अशी की मी इंटर सायन्सचा फॉर्म भरला. त्यात अ गट आणि ब गट असे दोन रकाने असतात. अ म्हणजे गणित, पुढं इंजिनिअर. ब म्हणजे प्राणी आणि वनस्पती, पुढं डॉक्टर. मी अ पुढं खूण केली. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी बेडूक कापायच्या तासाला सगळ्या वर्गात मी एकटाच खुशीत असायचो. पण नानांनी अंबरनाथच्या त्यांच्या काड्यापेटीच्या फॅक्टरीतल्या सुताराकडून माझ्यासाठी ड्रॉइंग बोर्ड करून आणलाय, काड्यांच्याच सावरीच्या लाकडाचा. टाचणी लावली तर लोण्यात गेल्यासारखी आत जाते. जो येईल त्याला नाना तो बोर्ड दाखवतात. आता नानांना काय सांगू, मला बेडूक आवडतो म्हणून?

आणि गणिताला तू आहेसच. विषमज्वरानं तुझं एक वर्ष गेलं, तू माझ्या वर्गात आलीस आणि एस.एस.सी.ला गणितात तुला सत्त्याण्णव पडले, मला त्रेपन्न. तुझं लग्न झालं आणि कॉलेजात मी गेलो. फर्स्ट इयरला तू माहेरपणाला आलीस तेव्हा समजावून दिलंस म्हणून मी पास झालो, हे मी विसरलेलो नाही.

आता मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये तोलाराम मास्तरांकडे शिकवणीला जातो. ते कराचीला कॉलेजात शिकवत होते. आता बराकीच्या अर्ध्या खोलीत राहतात. पडद्याच्या पलीकडे बायका पापड लाटतात आणि अलीकडे आम्ही गोणपाटांवर बसतो. मास्तर दर पंधरवड्याला चार अवघड गणितं घालतात. ज्याला येतात तो पुढच्या गोणपाटावर, बाकीचे मागं. पुढच्यांना ते स्वतः इंजिनिअरिंगसाठी तयार करतात. मी पुढं आहे! तू मे महिन्यात वहीत सोडवून ठेवलेली सगळी गणितं त्यांनी नेमकी विचारली.

पण आता ती संपली. म्हणून एक युक्ती काढलीय. पोथीच्या फडक्यात बांधून पाठवलंय ते कॅल्क्युलसचं पुस्तक आहे. देवघरात ठेव, कोणी सोडून बघणार नाही. मी टपालानं गणित पाठवीन ते घरच्या बातमीसारखं लिहीन. त्यासाठी हरिचंद्र नावाचा एक माणूस जन्माला घातलाय. आपल्या वाडीत कामाला आहे असं समज. तो भिंतीला तेरा हात शिडी लावील, शिडीचा पाय सरकेल, मग तिचं वरचं टोक किती वेगानं खाली येतं ते तू काढायचं. उत्तर कार्डावर, हरिचंद्राला निरोप दिल्यासारखं लिही.

तू बायकांच्या विद्यापीठाचं प्रॉस्पेक्टस मागितलंस, बाहेरून परीक्षेला बसायचं. ते अजून छापून आलेलं नाही म्हणतात. आलं की पाठवतो.

तुझा,
मधू


बदलापूर, ९ ऑगस्ट १९५३
टपालाने

सौ. उमाताईला मधूचा नमस्कार. विष्णुपंतांना व घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांना सांगणे.

येथे सर्व कुशल. मांजर्लीकडे पाणी फार चढले आहे. हरिचंद्र होडी घेऊन गेला तो काठापासून सरळ तीन मैल आत जाऊन बसला. काठावरच्या त्या जवळच्या जागेपासून घाट पाच मैल दूर. होडी तासाला चार मैल चालते आणि हरिचंद्र पायी तासाला पाच मैल चालतो. घाटावर लवकरात लवकर पोचायला त्याने होडी कोठे लावावी, हीच माईला काळजी लागून राहिली आहे. तुला काही सुचत असेल तर गुरुवारच्या आत कळव. शिडीवरून पडल्यानंतरची त्याची प्रकृती बरी आहे.

तुझा,
मधू


बदलापूर, २२ नोव्हेंबर १९५३
जनूमावशीच्या हाती

उमाताई,

मावशी परत तुझ्या बाजूला येत आहे म्हणून घाईनं लिहितो. तुझं होडीचं कार्ड पोचलं होतं, अगदी बुधवारी. "हरिचंद्राला सांगावे की सरळ घाटावर येऊ नये. एक मैल अलीकडेच उतरावे आणि पुढे चालत यावे, म्हणजे लवकर भेट होईल." काय झकास लिहिलंस! मास्तरांनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली. "देखो, ये मांडणी देखो," म्हणाले. मी खाली मान घालून बसलो, तर त्यांना वाटलं मुलगा विनयी आहे.

मावशीच्या हाती पाठवलेल्या चिठ्ठीत तू लिहिलंस, विष्णुपंत विचारतात, "तुमच्या माहेरी माणूस पडतानासुद्धा मोजतात काय?" हे वाचून मी पोट धरून हसलो. आणि तू भांडी घासताना दगडावर राखेत आकडेमोड करतेस आणि तांब्याभर पाण्यानं धुऊन टाकतेस, तेही भारी. तुझ्या जाऊबाईंना वाटत असेल, एवढं काय घासते ही!

सहामाहीचा निकाल अजून लागायचा आहे. पेपर बरा गेला.

प्रॉस्पेक्टससाठी जाऊन आलो. प्रती संपल्या म्हणाले. तू तीनदा विचारलंस, मी काही विसरलेलो नाही. पण ताई, एवढं सगळं घरकाम सांभाळून तुला ते झेपेल का, याचाही विचार कर.

सोबत दोन गणितं आहेत. टाकीचं आधी कर.

मधू


बदलापूर, ३१ जानेवारी १९५४

ताई,

हे पत्र कोणाच्या हाती द्यावं कळत नाही. मावशी आता उन्हाळ्याशिवाय तिकडे जायची नाही, आणि टपालात टाकलं तर ते आधी कोण वाचणार हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तरी लिहितो.

विष्णुपंत गेल्या रविवारी आपल्याकडे येऊन गेले. कल्याणच्या कोर्टात काही काम होतं, तसे बदलापूरला उतरले. माईनं पोहे केले. पोहे खाताना त्यांनी नानांना विचारलं, "तुमचा तो हरिचंद्र कसा आहे? फार पडतो बिचारा. म्हटलं, बघून यावं."

नाना म्हणाले, "कोण हरिचंद्र?"

"तुमच्या वाडीतला."

"आमची वाडी कुठली, विष्णुपंत? मागं दोन केळी आहेत."

मग विष्णुपंतांनी खिशातून टिपणवही काढली. तुझं प्रत्येक कार्ड पेटीत पडण्याआधी त्यांनी उतरवून घेतलेलं होतं, तारखेसह. त्यांनी होडीचं वाचलं. "सरळ घाटावर येऊ नये. एक मैल अलीकडेच उतरावे. म्हणजे लवकर भेट होईल." नानांच्या हातातली बशी तशीच राहिली. माई दारात उभी होती, ती खाली बसली.

ताई, मी ते नाव गंमत म्हणून ठेवलं होतं. शपथेवर सांगतो, परक्या पुरुषाचं नाव सुनेच्या अक्षरात कसं दिसेल, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मावशीचं नाव घेतलं असतं, बैलाचं घेतलं असतं, तरी चाललं असतं.

मी तिथंच होतो. फार गोंधळ झाला. मला नीटसं काही बोलताच आलं नाही.

मधू


बदलापूर, १४ फेब्रुवारी १९५४

ताई,

मागचं पत्र टपालात टाकलंच नाही, माझ्या ट्रंकेतच आहे. त्यातली शेवटची ओळ खोटी आहे. मला बोलता आलं. मी बोललो. काय बोललो ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय पुस्तक उघडलं तरी अक्षर दिसत नाही.

विष्णुपंत मला म्हणाले, "सूनबाईंना आम्ही सर्वांसमक्ष विचारलं. त्या म्हणतात, ही कॉलेजातली गणितं आहेत आणि मधूसाठी मी सोडवते. त्यांचा नवरा, आमचा श्यामकांत म्हणाला, अग, स्वैपाकघरात बसून कोणी कॉलेजातली गणितं सोडवतं का? तर त्या म्हणाल्या, मधूला विचारा. दुसरं काही बोलल्या नाहीत. रडल्या नाहीत. नुसतं, मधूला विचारा. म्हणून मी आलो. बोला."

नाना माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मागं भिंतीला तो ड्रॉइंग बोर्ड टेकवलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास होता, पण मी आता हो म्हणेन आणि सगळं मिटेल, असा नव्हे. विश्वास असा होता की माझ्या मुलाला बहिणीकडून गणितं करून घ्यायची गरजच नाही.

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही. ताईनं तसं लिहायला सांगितलं, मी लिहिलं."

बस. एवढंच. एवढ्याला कितीसा वेळ लागतो!

विष्णुपंतांनी वही मिटली. हात धुतले. जाताना माईला म्हणाले, "अक्षय्यतृतीयेच्या आत मुलीला इथं आणून सोडतो. तिचं सामान बरोबर असेल." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माई तेव्हापासून माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलते. तिला कळलंय. तिनंच ते पुस्तक पोथीच्या फडक्यात बांधलं होतं.

मला माझी लाज वाटते, ताई. ही लाज रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं म्हणून वाटत नाही. एकटा असलो तरी वाटते. आरशात भांग पाडताना वाटते.

आणखी दोन गोष्टी आहेत. सहामाहीचा निकाल तुला लिहिलं तेव्हाच लागला होता. गणितात शंभरात अकरा. परीक्षेच्या हॉलमध्ये हरिचंद्र आला नाही.

दुसरी अशी, की प्रॉस्पेक्टस मी जूनमध्येच आणलं होतं, पहिल्याच आठवड्यात. माझ्या ट्रंकेच्या तळाशी आहे. आत बाहेरून बसणाऱ्या बायकांसाठी फॉर्मही आहे आणि विषयांत गणित आहे. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, हिनं स्वतःचा अभ्यास सुरू केला तर माझी गणितं कोण करणार? इतकं सरळ म्हटलं. छापून आलं नाही, प्रती संपल्या, तुला झेपेल का, हे सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण. शेवटचं तर मी तुझ्या काळजीच्या आवाजात लिहिलं.

मी काल कॅम्प तीनला गेलो. पुढच्या गोणपाटावर बसलो. तुझं गणित नव्हतं, म्हणून एका मुलाचं उतरवून नेलं होतं. मास्तरांनी वही पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मधू साईं, फेअर तो मुनीम भी कर लेता है. रफ दिखाओ."

माझ्याकडे रफ नव्हतं. कधीच नव्हतं. माझं रफ चाळीसगावच्या मोरीत वाहून गेलेलं.

"घर पे रह गया," मी म्हणालो.

"रोज घर पे रह जाता है?"

मग मी पहिल्यांदा ते सगळं बोललो, वर्गातल्या अकरा मुलांसमोर. पडद्यापलीकडचं लाटणंसुद्धा थांबलं. मास्तरांनी बराच वेळ माझी जुनी वही चाळली. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "होडीवाला सवाल भी उसने किया? किताब अकेली पढ के? मेरे बिना?" आणि मग, "तो वो लडकी इधर क्यूं नहीं बैठी, और तू क्यूं बैठा है?"

मी उठून मागं जाऊन बसलो.

मधू


बदलापूर, २१ फेब्रुवारी १९५४
टपालाने

तीर्थस्वरूप विष्णुपंतांस,

पाकिटावर नाव ताईचे आहे. परंतु ते आधी आपणच फोडाल, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहिले आहे. हे मी सांगितल्यावर माई म्हणाली, "एकदा तरी त्यांच्या फोडण्याचा उपयोग होऊ दे."

हरिचंद्र नावाचा मनुष्य नाही. तो मी रचला. शिडी, होडी, टाकी ही सर्व माझ्या शिकवणीतली गणिते. ती मला येत नव्हती. ताई ती सोडवीत होती. आपण आमच्या घरी मला विचारलेत तेव्हा मी आपल्या तोंडावर खोटे बोललो, कारण नानांसमोर मला माझी फजिती नको होती. माझी फजिती वाचावी म्हणून मी बहिणीच्या अब्रूवर पाय दिला. ताईने आपल्याला खरे सांगितले होते. खोटे घरात एकच बोलला, तो मी.

हे पत्र मी नानांना वाचून दाखवले आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला, असे तीनदा केले. खाली त्यांची सही आहे.

माझ्या शब्दावर आपण आता विश्वास ठेवावा असे माझ्यात काही उरलेले नाही. म्हणून सोबत एक बंद पाकीट ठेवले आहे. लाखेवर तोलाराम मास्तरांचा शिक्का आहे. आत त्यांनी नवीन घातलेले एक गणित आहे, कोणत्याही पुस्तकात नसलेले. मी ते पाहिलेले नाही, आणि पाहिले असते तरी मला आले नसते. आपण ते स्वतः फोडावे, ताईला समोर बसवावे आणि तिला कागद द्यावा. राख नको. मास्तर म्हणतात, उत्तरापेक्षा तिचे रफ पाहा. माणूस मनाने चालतो की दुसऱ्याच्या सांगण्याने, ते रफात दिसते.

आणखी एक छापील पुस्तिका व फॉर्म आहे. तो ताईने गेल्या जूनमध्ये मागितला होता. मी आठ महिने लपवून ठेवला. भरण्याची मुदत ३१ मार्च आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत खालच्या ओळीवर पतीची सही लागते. ती देणे न देणे श्यामकांतरावांच्या व आपल्या हाती आहे. मला ते मागण्याचा अधिकार नाही, म्हणून मी मागत नाही. फक्त पाठवतो.

आपला अपराधी,
मधू


बदलापूर, २० मार्च १९५४
टपालाने

उमाताई,

गुरुवारी चाळीसगावहून जाड पाकीट आलं. पत्ता विष्णुपंतांच्या अक्षरात होता. माईनं ते देवापुढं ठेवलं आणि नाना फॅक्टरीतून येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

आधी फॉर्म निघाला. तुझ्या अक्षरात भरलेला. विषयांच्या रकान्यात पहिलं गणित. खाली श्यामकांतरावांची सही, जरा वाकडी, पण आहे. मग मास्तरांचं गणित निघालं. एका कागदावर फेअर आणि तीन कागदांवर रफ, खाडाखोड, एके ठिकाणी अख्खं अर्धं पान काट मारलेलं आणि तिथून पुन्हा सुरुवात. फेअरच्या खाली नाझरांच्या पद्धतीनं लिहिलं होतं: "सदरहू काम माझे समक्ष, माझे घरी, कोणाचे मदतीशिवाय झाले. वेळ पंचेचाळीस मिनिटे. मला यातले काही समजले नाही. सूनबाई येथेच राहतील." खाली सही आणि तारीख.

नानांनी ते मोठ्यानं वाचलं. "सूनबाई येथेच राहतील" हे त्यांनी दोनदा वाचलं. माई आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, पण कितीतरी दिवसांनी तिनं मला हाक मारून चहा दिला.

मी पाकीट उलटं करून झटकलं. सगळे कागद पाठपोट पाहिले. रफाच्या कोपऱ्यातसुद्धा पाहिलं. माझ्यासाठी काही नव्हतं. एक ओळ नाही. "मधू" एवढंसुद्धा नाही. शिवी असती तरी चालली असती. बरोबर आहे तुझं.

फॉर्म काल मी स्वतः मुंबईला जाऊन दिला. पावती सोबत आहे. या वेळी ट्रंकेत ठेवला नाही, हे तुला दिसावं म्हणून शिक्क्याची तारीख बघ. तिथून परत येताना कॅम्प तीनला उतरलो आणि मास्तरांना तुझे कागद दिले. त्यांनी फेअरकडे पाहिलंही नाही. रफ घेऊन दारात उजेडाला बसले आणि ते काट मारलेलं अर्धं पान त्यांनी बोट लावून वाचलं. "इधर गलत गई," म्हणाले, "और खुद पकडा." पडद्याकडे तोंड करून त्यांनी बायकोला सिंधीत काही सांगितलं, तर त्या बाहेर आल्या आणि त्यांनीही तो कागद हातात घेऊन बघितला. पुढच्या गोणपाटावर माझी जागा रिकामी आहे. मास्तर तिथं कोणाला बसू देत नाहीत. मी विचारलं नाही, कोणासाठी.

नानांनी ड्रॉइंग बोर्ड भिंतीपासून काढला. मला वाटलं, माळ्यावर टाकतील. त्यांनी तो पुसला, गोणपाटात शिवला आणि वर तुझं नाव-गाव रंगानं लिहिलं. गणिताला तो लागत नाही असं मी सांगितलं. ते म्हणाले, "कागद खाली घेऊन लिहायला लागेल. दगडावर नको." पार्सल सोमवारी निघेल.

माझं विचारशील तर, विचारणार नाहीस, पण सांगतो. या वर्षीच्या परीक्षेला मी बसत नाही. जूनमध्ये इंटरला पुन्हा नाव घालीन आणि ब पुढं खूण करीन. नानांना सांगितलं. "बेडूक?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, चांगली की वाईट ते कळलं नाही. पण फॉर्म पहिल्यांदाच माझा मी भरणार आहे, त्यात कोणी रचलेला माणूस नाही.

जनूमावशी कालच तुमच्याकडून आली. ती म्हणाली, विष्णुपंत आता तुझी पत्रं फोडत नाहीत. पोस्टमनच्या हातून घेतात आणि तशीच तुझ्याकडे देतात. म्हणजे हे पत्र कोणी न वाचता तुझ्यापर्यंत येईल, आणि ते उघडायचं की चुलीत घालायचं, हे पहिल्यांदाच फक्त तुझ्या हातात असेल. तुला फसून उघडावं लागू नये, म्हणून पाठवणाऱ्याचं नाव पाकिटाच्या बाहेर लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात.

मधू